बिनआवाजाची गाडी

आमच्या सासूबाईंना मी कितीदा सांगितलं असेल, की आई, दुपारी साडेबाराला जेवून घेत जा. साखरेची गोळी घ्यायची आणि तीन वाजेपर्यंत उपाशी बसायचं, म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. पण ऐकतील त्या जमनाबाई कसल्या. "परेश येऊ दे," एवढं एकच उत्तर. परेश म्हणजे माझा नवरा, त्यांचा एकुलता एक. तलासरीच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. अख्ख्या तालुक्याची साखर हा तपासतो आणि ह्याचीच आई गोळी घेऊन उपाशी. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

ही सवय कुठून आली ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल, ही पूर्वी तांडेल सासूच्या चुगल्या करते. चुगल्या मी करतेच, पण ते वेगळं.

डहाणूच्या खाडीपाशी आमची मच्छीमारांची आळी. मी बोर्डीची. माहेरी चिकूची वाडी, त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हा मला भरती-ओहोटीचं ओ की ठो कळत नव्हतं. सासरे, देवजी तांडेल, स्वतःची बोट घेऊन दर्यावर जायचे. आणि आमच्या घरचा रिवाज असा, की बोट बाहेर आहे तोवर घरातल्या बाईने जेवायचं नाही. बोट आली कसं कळायचं? तर आवाजावरून. प्रत्येक बोटीच्या इंजिनाचा आवाज वेगळा, असं इथल्या बायका म्हणतात. मला मेलं सगळं सारखंच टक-टक ऐकू यायचं. आई अंगणात बोंबील वाळत घालत असायच्या, आणि एकदम मान वर करायच्या. "आली आपली," म्हणायच्या आणि उठून भात लावायच्या. मी खाडीच्या तोंडाकडे बघत बसायची, तिथे नावालासुद्धा काही दिसायचं नाही. मग बऱ्याच वेळाने आमची बोट दिसायची. सासरे नांगर टाकून, पाय धुऊन घरात येईपर्यंत भात उतरलेला असायचा.

शेजारची हिरूमावशी, आणखी चारजणी, पाट्या घेऊन बंदरावर निघण्याआधी आमच्या दारात यायच्या आणि विचारायच्या, जमने, आमची कुठवर आली गं? आई कान देऊन सांगायच्या. एकदा म्हणाल्या, विनोदच्या बोटीचा एक सिलिंडर नीट मारत नाहीये. विनोद किनाऱ्याला लागला तो शिव्या देतच, इंजिन बिघडलं म्हणून. आळीत आठ दिवस त्याचीच चर्चा. काय दिवस होते ते. संध्याकाळी एकामागून एक बोटी आत यायच्या, बायका लगबगीने उठायच्या, आणि आमच्या आईंचा रुबाब एखाद्या स्टेशनमास्तरासारखा. मला तेव्हा भूक लागायची आणि राग यायचा. आता आठवलं की रडू येतं.

सहा वर्षांपूर्वी सासरे गेले. बोट वाढवणच्या भाच्याने नेली. मला वाटलं, चला, निदान ही उपाशी राहण्याची भानगड तरी सुटली. कसली सुटते! रिवाज बोटीवरून उतरला आणि परेशच्या मोटरसायकलवर चढला. त्या मोटरसायकलचा सायलेन्सर फुटका. बर्फाच्या कारखान्याच्या वळणावर आली की अर्धी आळी उठून बसायची. आई तेवढ्यात ताट घ्यायच्या. एकंदरीत बरं चाललं होतं.

पण एका बाजूला पस्तीसेक किलोमीटर, तेवढेच परत, तेही पावसाळ्यात आणि खड्ड्यांतून. परेशची कंबर गेली. आशागडच्या पुढे एकदा घसरून पडला आणि गुडघा फोडून घेतला, तेव्हा मी सांगून टाकलं, आता चार चाकं आणा, नाहीतर मी बोर्डीला चालले. दोन वर्षांपूर्वी आम्ही ती छोटी इलेक्ट्रिक गाडी घेतली. परवडणारी तेवढी तीच होती. डबीएवढी. मागे दोन माणसं बसली तर तिसऱ्याने डिकीत बसायचं. हिरूमावशी म्हणाली, चावी देऊन सोडायची का गं? पण एकदा चार्ज केली की परेशचं दोन दिवसांचं जाणं-येणं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर काढली, जाड प्लग बसवला. रात्री मोबाइल लावतो तशी गाडी लावायची. पहिले सहा महिने हा तलासरीहून फोन करून सांगायचा, बेचाळीस टक्के राहिलीय. मी म्हणायची, माझी वीससुद्धा राहिली नाही, घरी या.

गाडी आली त्या दिवशी आईंनी नव्या बोटीची करतात तशी पूजा मांडली. नारळ, हळदकुंकू, झेंडूची माळ. बोटीच्या पूजेत इंजिनालाही कुंकू लावतात, म्हणून म्हणाल्या, इंजिन दाखव. परेशने बॉनेट उघडलं. आत पत्र्याचा एक डबा आणि नारिंगी वायरी. आई बराच वेळ बघत राहिल्या. मग डब्यालाच कुंकू लावलं. "जीव कुठे आहे ह्याच्यात?" एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून कटकट सुरू. तीन वाजता परेश दारात उभा आणि ह्या तशाच पायरीवर बसलेल्या, ताट घेतलेलं नाही. ही कसली गाडी, हिला आवाजच नाही, माणूस आलं ते कळत नाही, चोराच्या पावलांनी येते. रोज तेच. आळीतल्या चार बायकांनीही दुजोरा दिला, की हो बाई, मागून येते ते कळतच नाही. मग मीच तोडगा काढला. वळणावर लांब हॉर्न द्यायचा. परेश द्यायला लागला आणि सगळं सुरळीत झालं. हॉर्न वाजला की मी शिलाई मशीन थांबवून उठायची, आई माझ्याआधी पदर खोचून आत. मी घरी ब्लाऊज शिवते. आधी आईंचं त्या मशीनवरूनही चालायचं, काय ती घरघर लावलीयस म्हणून. अलीकडे बोलत नव्हत्या. मला वाटलं, वय झालं की माणूस निवळतं. माझी अक्कल बघा.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या वडिलांना ताप होता म्हणून मी दोन दिवस बोर्डीला राहिले. परत यायच्या दिवशी परेश तलासरीहून बोर्डीमार्गे मला घ्यायला आला. गाडीत मी, चिकूची पिशवी, माझ्या आईने दिलेलं लोणचं. वळणावर त्याने सवयीने हॉर्न दिला. आई खाडीकडे तोंड करून पायरीवर बसल्या होत्या. हलल्या नाहीत. आम्ही दारात आलो, परेशने पुन्हा दिला, एवढा मोठा की समोरचं कुत्रं पळालं. आई जागच्या हलल्या नाहीत. मी उतरून हाक मारली, मग दुसरी, मग अगदी पाठीमागे जाऊन तिसरी. खांद्याला हात लावला तेव्हा दचकल्या. कपाळ घामाने थबथबलेलं, हात थरथरत होते. गोळी घेतलेली, पोटात अन्नाचा कण नाही. परेशने बोट टोचून साखर बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. मी साखरपाणी पाजलं.

बऱ्या झाल्यावर मी तोंड सोडलं, ते माझं मलाच आवरेना. किती दिवस ऐकू येत नाही? मी उठले की उठायचं, मी बघितलं की बघायचं, आम्ही काय मूर्ख आहोत? वर गरीब गाडीला शिव्या!  आई आपल्या बांगड्यांशी खेळत म्हणाल्या, "गाडीला आवाज नाही म्हटलं, की माझं झाकलं जायचं. सगळ्या आळीला मी बोट सांगायचे गं. मला ऐकू येत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

माझा राग तिथेच विरघळला. परेश आत निघून गेला.

वापीला कानाच्या डॉक्टरकडे दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीला आईंच्या कानात ऐकायचं मशीन बसवलं. दवाखान्यात सकाळपासून बसलो होतो, बाहेर पडलो तेव्हा दीड वाजून गेला होता. आई गाडीत मागे माझ्या शेजारी बसल्या. रिक्षांचे हॉर्न, बाजूच्या दुकानातली भांडी, सगळ्याने दचकत होत्या. परेशने काचा वर केल्या. आई वाट बघत राहिल्या. मग म्हणाल्या, चालू कर ना. तो म्हणाला, आई, चालूच आहे. त्यांनी मशीनला हात लावून बघितला, वाकून कान दिला आणि हसत सुटल्या. म्हणजे खरंच नाही हो हिला आवाज, मी उगाच खोटं नव्हते बोलत! आम्ही तिघंही हसलो. किती महिन्यांनी हसलो असू.

हायवेला लागलो तशा त्या शांत झाल्या. भिलाड गेलं. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "अगं पूर्वी, परेशचा बाप जायच्या दिवशी तू उशाशी होतीस. काय म्हणाले ते मला?"

मला आधी कळेचना. म्हटलं, तुमच्याशीच तर बोलले, तुम्ही हो हो म्हणालात की. त्या म्हणाल्या, तेव्हापासूनच कमी यायला लागलं होतं. त्यांचा आवाज अगदी बारीक झालेला. ओठ हलले, मला वाटलं पाणी मागतात. म्हणून हो म्हटलं आणि पाणी आणायला उठले. पाणी घेऊन आले तर...

खरं सांगते, सहा वर्षं माझ्या मनात ह्या बाईबद्दल एक अढी होती. नवऱ्याने जाताना सांगितलं, हिने तोंडाने हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून तेच सुरू ठेवलं. मेलेल्या माणसाचं नाव भांडणात घ्यायचं नाही म्हणून मी कधी बोलले नाही, पण राग होता. आणि हिला ते ऐकूच गेलेलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. त्यांचा हात हातात घेतला आणि सावकाश सांगितलं.

"म्हणाले, आता माझ्यासाठी थांबू नकोस. तू जेवून घेत जा."

 परेशने आरशातून एकदा मागे बघितलं आणि गाडी हळू केली.  तलासरीच्या नाक्यापर्यंत आईंनी दोनदा डोळे पुसले. मग विचारलं, डब्यात काय आणलंयस. मी म्हटलं, भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. म्हणाल्या, दे.

मी डबा उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला. परेश गाडी चालवत होता, सकाळपासून त्याच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. आई जेवल्या.