गिटारबाई आणि पेल्यांचं कपाट

गिटारबाईंच्या घरी चहा प्यायचा, तर कप हातात धरून बशी सतरंजीवर ठेवावी लागे. कुणी विसरलं, की बाई वाजवता वाजवता थांबत आणि त्याच्या बशीकडे रोखून बघत. "शोनो, ऐका, तुमची बशी माझ्याबरोबर वाजतेय," असं म्हणत. पाहुणा ओशाळून बशी खाली ठेवी. आमची बदली कलकत्त्याला झाली तेव्हा विमानतळाजवळ डमडमला आमच्या खालच्या मजल्यावर त्या एकट्या राहत होत्या. मराठी घरातल्या, पण जन्मापासून कलकत्त्यातल्याच; शाळेत गणित शिकवायच्या. संध्याकाळी हवाईयन गिटार मांडीवर आडवी घेऊन बसायच्या. तिला जोडलेला, जुन्या रेडिओसारखा काचेच्या वॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आमच्या ट्रंकेएवढा होता.

कुठे काही झणझणलं की त्यांना चैन पडत नसे. मग त्या एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवत आणि मी एकेका वस्तूवर हात ठेवत खोलीभर फिरे. खिडकीची काच, पंख्याचा रेग्युलेटर, देवघरातली घंटा. वरून विमान गेलं की थांबायचं. वीज गेली की ती येईपर्यंत थांबायचं, आणि आली तरी वॉल्व्ह तापेपर्यंत बसून राहायचं. एकदा त्यांनी वॉल्व्हवरच पेन्सिलीने हलकी टिचकी मारली, तर स्पीकरमधून 'टिण्ण' असा आवाज आला. "सापडला, पाजी कुठला!" म्हणून त्यांनी तो बदलून आणला. "दोष आधी शोधायचा, नावं मागून ठेवायची," असं त्या वर्गात मुलींना सांगत आणि घरी मला.

आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या शहाण्यांना मात्र उलटा क्रम पसंत होता. दर गणेशोत्सवात मंडळाच्या हॉलमध्ये बाईंचं वादन असे. वर्षभर त्या त्याच एका संध्याकाळची वाट बघत. एका वर्षी प्रत्येक पंचमावर किणकिण ऐकू यायला लागली. कार्यक्रम संपल्यावर चिटणीस, बाईंना ऐकू जाईल अशा बेताने, म्हणाले, "बाईंचा हात कापतो आता. वय झालं. पुढच्या वर्षी रेकॉर्डच लावू." हात कापतो म्हणे! ज्या गृहस्थाला आलाप संपला की चालू आहे हे कळत नसे आणि जो मध्येच टाळ्या वाजवी, त्याने हे ठरवावं? आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पुढच्या रविवारी टॅक्सीत अ‍ॅम्प्लिफायर घालून आम्ही दोघी रिकाम्या हॉलवर गेलो. त्या पंचम वाजवत राहिल्या, मी हात ठेवत फिरले. रंगमंचाशेजारी काचेचं कपाट होतं, त्यात नाट्यस्पर्धांमध्ये मिळालेले चांदीचे पेले. कपाटाची काच दाबून धरली आणि किणकिण गप्प झाली. काचेतून दिसलं, सगळ्यात मोठ्या पेल्याचं झाकण सैल होतं! बाई लहान मुलीसारख्या हसल्या. चिटणिसांना बोलावून सगळं ऐकवलं. त्यांना ऐकू आलं, चांगलं ऐकू आलं.

"कपाट मंडळाची शान आहे," ते म्हणाले. "तुम्हीच तेवढा सूर टाळा ना."

"पंचम टाळू?" बाईंचा आवाज चढला. "की मुश्किल! अहो, झाकणाखाली एक रुमाल घाला."

"किल्ली अध्यक्षांकडे असते. कमिटीपुढे विषय ठेवावा लागेल."

रुमाल घालायला कमिटी! तो विषय कधीच निघाला नाही. मी दर सभेत विचारायची, आणि दर सभेत तो पुढच्या सभेवर जायचा. गणपतीत रेकॉर्ड वाजायला लागली. नव्याने बदलून आलेल्यांना सांगितलं जाई, "पूर्वी एक बाई वाजवायच्या, पण हात कापायला लागला." बाईंनी पुन्हा त्या हॉलमध्ये पाऊल टाकलं नाही. घरी वाजवत, पण ऐकायला मी एकटी. ते त्यांना पुरत नव्हतं, हे मला दिसत होतं.

काही वर्षांनी त्या गेल्या. शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. "बाईंचा कान फार तयार होता," चिटणीस भाषणात म्हणाले. मग एक नवीन आलेल्या बाई माइकसमोर पेटी घेऊन भजनाला बसल्या. दुसऱ्याच ओळीला तोच सूर लागला आणि कपाट किणकिणलं. चिटणीस कपाळाला आठ्या घालून पेटीवाल्या बाईंना म्हणाले, "हात जरा सांभाळून, बाई."

मी उठले. कपाटापाशी गेले. त्याला कुलूप नव्हतंच, नुसती बाजूला सरकणारी खिट्टी होती. इतकी वर्षं आम्ही त्या किल्लीवर विश्वास ठेवला होता. मोठा पेला झाकणासकट काढला आणि नेऊन चिटणिसांच्या मांडीवर ठेवला.

"धरा," मी म्हटलं. "झाकण घट्ट दाबून धरा."

मग मी पेटीवाल्या बाईंकडे वळून म्हणाले, "तुम्ही वाजवा. तुमच्या हाताला काही झालेलं नाही."