पीस पाहुण्यांना, रस्सा आम्हाला

"धरा! ओ ताई, धरा तिला!" एवढंच तोंडातून निघालं. लिफ्ट बंद, जिन्याच्या मधोमध मी आणि पोरगी कडेवरून घसरत चाललेली. धरायला गेले तर हातात जोरच नाही, हात जसे काय दुसऱ्याच बाईचे. कामावर निघालेल्या वरच्या मजल्यावरच्या आयटीवाल्या ताईंनी तिचा फ्रॉक पकडला म्हणून, नाहीतर... जाऊ दे. मला अजून ते बोलवत नाही.

वजन उतरायचं इंजेक्शन चालू होतं माझं. शुगर वाढलेली, म्हणून डॉक्टरबाईंनीच दिलेलं. भूकच मेली. दोन घासात पोट गच्च. ब्लाउज ढिले झाले, नणंद जळायला लागली, मी खूश! चरबीबरोबर अंगातलं मांसपण चाललंय हे कुणाला माहीत? दहावी नापास मी. मला वाटलं, जातंय ते सगळं फालतूच असणार.

पळत डॉक्टरबाईंकडे गेले.

"खाता काय?"

"भात, आमटी."

"आमटीत डाळ किती?"

आता काय सांगायचं. आमच्यात बायका शेवटी बसतात. तोवर डाळ पुरुषांच्या पोटात, आम्हाला पिवळं पाणी.

"भूक थोडीच आहे ना? मग आधी अंडं, मटण, डाळ, पनीर, दही. भात उरला तर उरू दे. आणि रोज खुर्चीतून ऊठबस करा, भरलेल्या बाटल्या उचला. नाहीतर ताकद अशीच जाईल आणि पोरीला उचलणं विसरा."



घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मांस झडतंय म्हनं! एवढी बाळंतपणं काढली, माझं न्हाई झडलं."

नवरा म्हणाला, "अगं, खा ना मग. कोण अडवतंय?"

कोण अडवतंय! हा माणूस ताट वाढल्यावरच उगवतो, त्याला काय दिसणार?

रविवारी पाहुणे आले, सासऱ्यांचे भाऊबंद. आमच्या शेतावर बिल्डरने टॉवर बांधला, त्यातच आता आम्ही राहतो. राहिलेल्या तुकड्याचं बोलायला आलेले. म्हणजे मटण आलंच. मी पातेल्यातून वाटीभर पीस काढले, ओट्यामागे बसले, पहिला तोंडात टाकला आणि दारात सासूबाई.

"पाहुन्यांची ताटं वाढली न्हाईत अजून, आन् तू गिळतीयास?"

"आई, नंतर नुसता रस्सा उरतो."

"आमी जलमभर रस्साच खाल्ला. मेलो का?"

बाहेरून सासऱ्यांची हाक, "अगं, आणताय का ताटं?"

 तोंडातला पीस चावू का थुंकू तेच कळेना. सासूबाईंनी हात पुढे केला, "आण ती वाटी हिकडं." दिली तर परत माझ्या वाटणीला पाणी, आणि पुढच्या वेळी जिन्यात पोरीचा फ्रॉक धरायला कुणी नसलं तर? नाही दिली तर भाऊबंदांसमोर तमाशा, आणि गावभर हावरी सून म्हणून नाव.

तुम्ही सांगा, वाटी दिली असती का?