हात वर असेपर्यंत

शालिक गेल्याचा प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी कुरुदच्या घरामागे वालाच्या वेलाला काठी बांधत होतो. "काका, बाबा नहीं रहे," एवढंच ती बोलली. इकडच्या हिंदी मुलखात वाढलेल्या आमच्या पोरी घरात मराठी बोलतात, पण रडताना त्यांच्या तोंडी हिंदी येते. मी काठी पूर्ण बांधली आणि मगच स्कूटर काढली. माणूस असं का करतो, कोण जाणे...

शालिक आणि मी पोलाद कारखान्याच्या एकाच मिलमध्ये होतो. मी वर क्रेनच्या केबिनमध्ये, तो खाली सिग्नल द्यायला. त्या आवाजात बोलून काही उपयोग नसे, सगळा कारभार हातांचा. बोट वर करून गोल फिरवलं की उचल, तळवा खाली केला की उतरव, मूठ मिटली की थांब. उचलायचा सिग्नल एकाच माणसाचा मानायचा. थांबायचा मात्र कुणीही दिला, अगदी झाडूवाल्यानं दिला, तरी थांबायचं, असा नियम. उमेदीची सगळी वर्षं मी या माणसाचा हात बघत काढली. तेवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतं तर बरं झालं असतं, असं माझी बायको अजून ऐकवते.

संध्याकाळी तोच हात गिटार वाजवायचा. गिटार मांडीवर आडवी आणि तारांवर फिरवायला सुपेल्याच्या लेथवाल्याकडून करून घेतलेली पोलादी कांडी. कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर दहाच्या भीमजयंतीत त्याच्याशिवाय गाण्यांना रंग चढत नसे. रिटायर झाल्यावर मात्र त्याचे कान गेले. मशीन लावून पाहिलं, तर नुसती शिट्टी वाजते म्हणाला. लाकडी गिटार कपाटावर चढली. "तार हालून राहिली ते दिसते मले," एकदा म्हणाला, "पण आवाज जाते कुठं बे, रामदास?" निघताना कुसुमवहिनी फाटकापर्यंत आल्या. "भाऊजी, बोलतच नाई आता हे कोनाशी. दिवसभर भिंतीले पाहून राहतात." वहिनी त्याच्याशी मिलच्याच खुणांनी बोलायला शिकल्या होत्या, पण खुणांनी किती बोलणार?

मग त्याला कुठूनतरी रेझोनेटर गिटारीचा पत्ता लागला. जुन्या काळची, पितळी अंगाची, पोटात ॲल्युमिनियमची पातळ वाटी. विजेशिवाय मोठ्यानं वाजावी म्हणूनच ती घडवलेली. कोलकात्याच्या एका ऑनलाइन लिलावात ती निघाली होती. प्रज्ञानं माझा फोन टीव्हीला जोडून दिला, म्हणजे शालिकला आकडे दिसतील. बटण मी दाबायचं. कुठवर जायचं ते वहिनींसमोर ठरलं. "त्याच्यावर एक रुपया नाई," शालिकनं स्वतःच सांगितलं.

दुपारी लिलाव सुरू झाला. त्यानं बोट वर करून फिरवलं, मी बटण दाबलं. समोरचा कोणी वाढला, पुन्हा बोट, पुन्हा बटण. मी टीव्हीकडे बघितलंच नाही. शालिक समोर असताना दुसरीकडे बघायची मला सवयच नव्हती. ठरलेला आकडा कधीच मागं पडला. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या, हाताला कणीक. त्यांनी टीव्ही पाहिला, मग नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि पोळ्या लाटायला आत गेल्या. गिटार आमची झाली.

"अबे, वर गेला ना तू!" शालिक ओरडला.

"तुझा हात वर होता," मी तसंच हातानं दाखवलं.

त्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि हसायला लागला. किती महिन्यांनी हसत होता! ते पैसे वहिनींनी बोधगयेला जायला जमवले होते, हे मला फार नंतर कळलं.

खोकं आलं. पितळेवर काळे डाग, एक खुंटी वाकडी. त्यानं गिटार मांडीवर घेतली आणि जाड तार छेडली. वहिनी आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्यानं पुन्हा छेडली. "मांडीत आली," म्हणाला. मग मान तिरपी करून बराच वेळ बसला... "कानातही येऊन राहिली. जाडीची येते, बारकीची नाई." त्यानंतर तो शेवटपर्यंत जाड तारांवरच वाजवत राहिला. सगळी गाणी घोगऱ्या गळ्याची झाली, पण शालिक परत बोलायला लागला. भाजीत मीठ कमी आहे म्हणून भांडायलाही लागला, आणि वहिनी ते मला कौतुकानं सांगायच्या.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. रायपूरला परत निघण्याआधी प्रज्ञानं मला बोलावलं. "काका, मम्मी अकेली है. ही गिटार अशी पडून खराबच होईल ना? परत लिलावात टाकून देऊ, कोनी वाजवनारा तरी घेईल." तिचं काही चुकत नव्हतं. गिटार दिवाणावर होती, तारांवर त्याची कांडी तशीच आडवी. फोटो काढायला मी फोन वर धरला. फोनमध्ये गिटार दिसली आणि तिच्यामागे, स्वयंपाकघराच्या दारात, वहिनी.

त्यांनी हात वर केला आणि मूठ मिटली.

मी थांबलो.