ड्रॅगनचं अभ्यंगस्नान

आमच्या घरात चांदी घासण्याचं खातं लग्नापासून माझ्याकडे आहे. (बाकीची सगळी खाती वैशालीकडे.) दिवाळी आली की शारजातल्या अल मजाजच्या आमच्या बाल्कनीत मी टूथपेस्ट, रांगोळी आणि जुना ब्रश घेऊन बसतो, आणि निरांजनापासून करंड्यापर्यंत सगळं असं लखलखवतो की समोरच्या टॉवरमधल्यांनी पडदे ओढून घ्यावेत!

गेल्या दिवाळीत देवघरात एक पाहुणा होता. वैशालीचे पणजोबा रत्नागिरीचे, बोटीवर खलाशी. चीनच्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी आणलेलं चांदीचं नाणं वडिलांनी तिला दिलं होतं. एका बाजूला ड्रॅगन, दुसऱ्या बाजूला चिनी अक्षरं, आणि सगळं तव्याच्या बुडासारखं काळं. तिने मिस्टर लिन नावाच्या दुबईतल्या एका संग्राहकाला फोटो पाठवले. पाच मिनिटांत फोन! चिनी बादशाहाच्या टाकसाळीने नवं नाणं चलनात आणण्याआधी पसंतीसाठी मोजकेच नमुने पाडले होते, त्यातलंच हे असावं म्हणे. फोटोत दिसतं तसंच असेल तर साठ हजार दिरहम.

"म्हणजे जवळजवळ चौदा लाख!" मी ओरडलो.

"म्हणजे करामातलं किचन," वैशाली हळूच म्हणाली.

दुबईच्या करामा भागात थालीपीठ, पोहे, पुरणपोळी मिळेल असं स्वतःचं छोटंसं किचन हे तिचं अकरा वर्षांचं स्वप्न. तिचा चेहरा बघून मला खरंच भरून आलं. नाणं एका डबीत घालून देवापुढे ठेवलं गेलं. लिनसाहेब लक्ष्मीपूजनाला, दुपारी चारला येणार होते.

त्या सकाळी वैशाली झेंडूची फुलं आणायला खाली उतरली. जाताना म्हणाली, "अहो, देवघरातली चांदी तेवढी घासून ठेवा."

देवघरातली चांदी! मी पडलो आज्ञाधारक. डबी उघडली. लाखमोलाचा ड्रॅगन, आणि ऐन दिवाळीत असा पारोसा? मी बाह्या सरसावल्या.

"बाबा, शुड यू बी डूइंग दॅट?" माझ्या लेकीने, इराने, दारातून विचारलं.

"अगं, चौदा वर्षांचा अनुभव आहे!"

पहिल्या घासणीला ड्रॅगनच्या मिशा दिसल्या. दुसरीला तर ड्रॅगन हसायला लागला!

चार वाजता लिनसाहेब आले. हातात पांढरे हातमोजे, डोळ्याला भिंग. वैशालीने डबी उघडली आणि आधी नाण्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"भाईसाब," लिनसाहेबांनी भिंग खाली ठेवलं, "ये किसने साफ किया?"

"मैंने!" मी छाती पुढे काढून म्हणालो. "दो बार!"

ते मटकन सोफ्यावर बसले. आपल्या दुबईकर हिंदीत त्यांनी समजावलं, की तो काळा थर शंभर वर्षांत चढला होता, आणि किंमत त्याचीच होती. आता उरले रांगोळीचे ओरखडे. "खलास, हबीबी."

वैशाली रडली नाही, ओरडली नाही. (मी जास्तच घाबरलो.) पण सणाच्या दिवशी पाहुणा उपाशी जायचा नाही, म्हणून तिने फराळाचं ताट आणून ठेवलं. लिनसाहेबांनी दुःखात एक चकली खाल्ली. मग दुसरी. मग अनारसा. मग नाणं बाजूला सरकवून ताट जवळ ओढलं.

"भाभीजी, ये कहाँ मिलता है?"

"यहीं. मैंने बनाया."

"मेरे ऑफिस में चालीस लोग हैं."

चाळीस डबे गेले. पुढच्या महिन्यात आणखी दोन ऑफिसं जोडली गेली. वैशालीने रीतसर लायसन्स काढलं, आणि गुढीपाडव्याला करामात एका किचनचा अर्धा भाग भाड्याने घेतला. लहानच आहे, पण पाटीवर नाव तिचं आहे.

ड्रॅगन तिथे काचेच्या फ्रेममध्ये टांगलाय. दर गुरुवारी लिनसाहेब जेवायला येतात, भिंगातून बघतात आणि धीर देतात, "थोडा काला हुआ है. इन्शाल्ला, और सौ साल!" खाली इराने पाटी लावलीये: 'हात लावू नये.' (मराठीत, कारण ती फक्त माझ्यासाठी आहे.)

"घासायची एवढी हौस आहे ना?" म्हणत वैशालीने मलाही तिथे नोकरी दिली. आता ऑफिस सुटलं की मी ड्रॅगनच्या बरोबर खाली, सिंकपाशी उभा असतो. घासून किंमत उतरत नाही अशाच वस्तू माझ्या हाती द्यायच्या, असं ठरलंय. सध्या एकशेवीस डबे आणि चार कढया आहेत!