बाबांनी मला नीट बसायला शिकवलं

आज सकाळी मी माझ्या सासऱ्यांना, बाबांना, खांदा दिला.

निखिल, माझा नवरा, कानाशी येऊन म्हणाला, "अगं, तुझी पाठ..."
म्हटलं, "बाबांनीच तयार केलीय ती. सरक."

आता दुपार झालीय. गाझियाबादच्या आमच्या फ्लॅटमध्ये माणसं भरलीत. जो येतो तो म्हणतो, बस जरा.
नाही बसवत.
किचन, बाल्कनी, परत किचन. ओटा पुसला. तोच परत पुसला. म्हणून उभ्याउभ्याच हे लिहितेय.

बाबा आयुष्यभर केंद्र सरकारच्या नोकरीत. तरुणपणी खात्याच्या टीमकडून वेटलिफ्टिंग करायचे. लग्नानंतर कितीतरी वर्षं मला हे माहीतच नव्हतं, कारण आमचं बोलणं एवढंच:
"चहा ठेवू, बाबा?"
"चालेल."

मग माझं जिम सुरू झालं.

नोएडात ऑफिस, दिवसभर खुर्चीत बसून व्हिडिओ एडिटिंग. ऑफिसात फिटनेस चॅलेंज निघालं आणि मला सगळ्यांच्या पुढे जायचं होतं. रील्स बघून स्क्वॉट्स, म्हणजे बार खांद्यावर घेऊन उठाबशा, शिकले. बारवर वजन वाढवत राहायचं, एवढंच डोक्यात.

टाचा उचलल्या जायच्या. गुडघे आत पडायचे. खाली गेलं की पाठीला बाक यायचा. आरशात मला फक्त वजनाच्या प्लेट्स दिसायच्या.

एका संध्याकाळी खालून वर येताना कमरेत काहीतरी सुटलं.
स्लिप डिस्क.

मग कित्येक आठवडे मी आडवी. इरा, आमची मुलगी, तेव्हा नुकती चालायला लागलेली. समोर येऊन हात वर करायची. मी म्हणायचे, "पप्पाकडे जा हं."
हळूहळू तिने माझ्याकडे यायचंच सोडलं.

दुखणं कमी झालं. फिजिओने व्यायामाला हो म्हटलं. पण भीती जाईना. खुर्चीत बसायचं तरी टेबल धरून. कमोडवर बसायचं तरी भिंत धरून.

बाबा बघत होते. एका रविवारी पेपरची घडी करून म्हणाले, "अनघा, डायनिंगची खुर्ची आण इकडे. नको, तू नको. निखिल, तू आण."
"माझ्याने नाही होणार, बाबा."
"अगं, खुर्चीवर टेकायचंय फक्त. ऑफिसात बसायचीस ना?"

संकोच दोन्हीकडे होता. सुनेला हात लावून कसं शिकवणार? मग त्यांनी सासूबाईंना कामाला लावलं. आई माझ्यामागे झाडूचा दांडा उभा धरून. डोकं, पाठ, माकडहाड, तिन्ही दांड्याला टेकलेली हवीत. बाबा लांब सोफ्यावरून ऑर्डर सोडतायत.

"दोन पायांत खांद्याएवढं अंतर. पंजे थोडे बाहेर. श्वास घे. पोट घट्ट, कुणी गुद्दा मारणार असल्यासारखं. आता कंबर मागे ने आणि बस."
"गुडघे पुढे जातायत, बाबा."
"जाऊ देत थोडे. पंजांच्या दिशेने जातायत ना? आत नको पडायला. टाच जमिनीवर आहे? मग बिल्कुल ठीक. मान का घातलीस खाली? खाली काय पडलंय?"
आई वैतागल्या. "अहो, तिला श्वास तरी सोडू द्या!"
"सोडेल ना, वर येताना सोडेल!"

मी खुर्चीला टेकले. उठले. काही धरलं नव्हतं.
आणि मला रडूच फुटलं.
बाबा एकदम गडबडले. "निखिल, पाणी दे यार हिला."
बाबांच्या तोंडून 'यार' मी पहिल्यांदा ऐकलं.

कुणीतरी आत्ता परत खुर्ची पुढे केली. नको म्हटलं. बाल्कनीत आलेय.

मग रोज सकाळी, ऑफिसची कॅब यायच्या आधी, हाच कार्यक्रम.
मी घाईची. म्हणायचे, खुर्ची काढू या, वजन घेऊ या. ते म्हणायचे, नाही.
"दांडा पाठीवरून सुटला की थांबायचं. आजचं तुझं खाली जाणं तेवढंच."
"जिममध्ये माझ्यानंतर आलेल्या मुली केवढं उचलतात!"
"त्यांची पाठ त्यांच्याकडे. तू तुझी सांभाळ."
मी इतकी चिडले की एकदा चहाचंही विचारलं नाही. त्यांनी स्वतः केला. माझ्यासाठीपण.

खुर्ची गेली. मग पिठाची पिशवी छातीशी धरून. मग जरा मोठी पिशवी.

एक दिवस इरा तिथेच खेळत होती. तिने वर बघितलं आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडे हात केले.

मी तिच्याजवळ गेले. खाली बसले. तिला छातीशी घट्ट घेतलं आणि उठले.

बाबा म्हणाले, "डावा गुडघा आत गेला."
एवढंच. शाबास वगैरे काही नाही.
पण लगेच पुण्याला आत्यांना फोन लावला. "आमच्या अनघाने पोरीला उचललं आज!"
आमच्या अनघाने.

परवापर्यंत शिकवत होते, असं लिहायला आवडलं असतं. तसं नाही झालं. गेले काही महिने फुप्फुसं थकली होती. सोफ्यावरून उठायलाही माणूस लागायचा आणि त्याचा त्यांना भयंकर राग यायचा.

काल दुपारी हॉस्पिटलमध्ये म्हणाले, "उभं कर मला."
नर्स म्हणाली, "अंकल, लेटे रहिए."
"बहुत लेट लिया."
मग तिने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. या वेळी त्यांनी माझा हात घट्ट पकडला, संकोच न करता. खिडकीशी उभे राहिले, थोडा वेळ. अंग थरथरत होतं, पण पाठ ताठ.

"काय दिसतंय, बाबा?"
"पार्किंग. एकालाही गाडी नीट लावता येत नाही."

मी हसले. तेही हसले, खोकला येईपर्यंत.
"चल. झोपव आता."

संध्याकाळी गेले.

निघणाऱ्या माणसाला 'जा' म्हणायची आपल्यात पद्धत नाही.
म्हणून, या बाबा.
नमस्कार करते.

तुमची अनघा