बिनमाणसाची गाडी

त्या वर्षी माझा पाय घरात ठरत नव्हता. मॅट्रिक होऊन दोन वर्षं झाली होती आणि मला काम एकच: सकाळी टँकर आला की दोन घागरी भरायच्या, बैलगाडीत ठेवायच्या आणि दीड कोसावर पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर आईला पाणी-भाकरी पोचवायची. वडील साखर कारखान्यावर होते. कामावर पिण्याचं पाणी कधी येई, कधी नाही. आई भर उन्हात माझ्या वाटेकडं डोळे लावून खडी फोडायची.

बैलांना वाट इतकी पाठ झाली होती की मी कासरा सोडून शिळा पेपर वाचत बसे. त्यात एकदा रशियाच्या यानाची बातमी आली. वर अंतराळात माणसं महिनोन्‌महिने राहतात आणि त्यांचं अन्न, पाणी, हवासुद्धा नेणाऱ्या यानात एकही माणूस नसतो. ते आपलं आपण जाऊन बरोबर त्यांच्या दाराला लागतं. बातमी चारदा वाचली आणि मला माझाच राग आला. तिथं माणूस लागत नाही, मग या सरळ गाडीवाटेवर मी कशाची राखण करत बसलेय?

तेवढ्यात दूध सोसायटीत फॅट तपासायला माणूस हवा होता. मुलाखतीला बोलावलं ते नेमकं गाडीच्या वेळेला. मी घागरींची तोंडं फडक्यानं बांधली, भाकरीचं गाठोडं अडकवलं, बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि गाडी एकटीच सोडली.

दोन तास बसवून ठेवल्यावर माझा नंबर लागला, तरी चेअरमन काय विचारतायत ते मला अर्धं ऐकू येत नव्हतं. घागर लवंडली असेल का? बैल कुणाच्या कडब्याला वळले असतील का? नुसती चुळबुळ. सगळं मनात आलं, फक्त आईच्या मनात काय येईल ते आलं नाही. आमच्याकडं बैल एकटे आले, की माणूस वाटेत पडला, चाकाखाली गेला, असंच धरतात.

मुलाखत संपायच्या आत, गावात विचारत विचारत आई दारात येऊन उभी राहिली. अनवाणी, ओठ फुटलेले, छाती भात्यासारखी हलणारी.

"गाडी आली," ती म्हणाली. "तू न्हाईस गाडीत."

"पाणी पोचलं ना?"

"पोचलं."

"मग पिलीस का?"

तिनं सगळ्यांदेखत माझे हात चाचपले, खाली बसून पाय चाचपले. मला लाज वाटली, आणि त्या लाजेची आजही लाज वाटते. चेअरमननी माठातला तांब्या पुढं केला. तो तिनं नुसता हातात धरला.

"वाटंतल्या दोन्ही कोरड्या इहिरीत वाकून बघितलं," ती म्हणाली. "हाक मारायचा धीर झाला न्हाय."