दोन जातींच्या पेशी

बारामतीच्या लॅबमधल्या त्या टेक्निशियनचं नाव मला अजून माहीत नाही. माणूस अबोल, काही बोलायचं झालं की आधी चष्मा पुसायचा.

माझ्या वडिलांच्या, तात्यांच्या, फुप्फुसातल्या गाठीचा रिपोर्ट आणायला कळंबहून गेलो, तेव्हा त्यानं मला बाजूला घेतलं. "कॅन्सर हाय. पण रिपोर्टात एकाच जातीच्या पेशी लिहिल्यात, मला मायक्रोस्कोपखाली काचेवर दोन दिसत्यात. डॉक्टरांनाबी बोललोय. तुमी पुण्याला पुन्हा तपासून घ्या."

त्याचं खरं निघालं. मिश्र पेशींचा दुर्मिळ कॅन्सर होता. उपचार बदलले, केमोच्या आधी ऑपरेशन झालं.

परवा स्कॅन स्वच्छ आला. तात्यांना घेऊन सांगायला गेलो, तर तो खुर्चीतून उठलाच.

"तात्या, माझं चुकलं असतं तर तुमचे उपचाराचे दिवस वाया गेले असते. लई घाबरलो हुतो."

"आन् मी न्हाय व्हय?" म्हणत तात्यांनी त्याचा हात धरला.